कॅराव्हॅन ओढणाऱ्या गाडीची जादा टाकी

पिकअप किंवा जड एसयूव्हीच्या मागे कॅराव्हॅन जोडली की टाकी तेवढीच राहते, पण एका टाकीत होणारे अंतर निम्म्याच्या थोडे वर एवढेच उरते. जादा इंधन कुठे आणि कसे ठेवायचे, हा प्रश्न त्यातून उभा राहतो. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत हा प्रश्न जुना असून त्याभोवती अख्खा उद्योग वाढला आहे. महाराष्ट्रात तो अलीकडचा आहे. इसुझू व्ही-क्रॉस २०१६ पासून आणि टोयोटा हायलक्स २०२२ पासून अशा खासगी वापराच्या दणकट पिकअप बाजारात आल्या, २०२१ मध्ये राज्याने कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले, आणि अंधेरी-बोरिवलीपासून मुलुंड-घाटकोपरपर्यंतच्या हौशी प्रवाशांत गाडीसोबत घर घेऊन निघण्याची कल्पना रुजू लागली. उपनगरांत स्वयंचलित, म्हणजे बसच्या किंवा व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेली कॅराव्हॅनच जास्त दिसते. ओढायचा ट्रेलर विरळ आहे, कारण सोसायटीच्या आवारात एका गाडीच्या जागेसाठीही वाद होतात, तिथे सहा मीटरचा ट्रेलर ठेवायचा कुठे? तरीही इंधनाचा हिशेब दोन्हींना सारखाच लागू पडतो, आणि ट्रेलरच्या बाबतीत तो अधिक कडक होतो.

हा हिशेब आधी समजून घेतला पाहिजे. जादा टाकी बसवणारे बहुतेक लोक तिची गरज किती आहे हे मोजतच नाहीत. गाडी २,२०० किलोची, माणसे आणि सामान ३०० किलो, कॅराव्हॅन १,५०० किलो, म्हणजे एकूण ४ टन धरू. ताशी ८० किमी वेगाने सपाट रस्त्यावर चालताना इंजिनाला दोन गोष्टींशी झगडावे लागते. एक टायरचे घर्षण, जे सुमारे ४७० न्यूटन भरते. दुसरी हवा. कॅराव्हॅनचा समोरचा चेहरा पिकअपच्या जवळपास दुप्पट आणि सपाट असतो. त्यामुळे हवेचा विरोध एकट्या गाडीला चारशे न्यूटनच्या आत असतो, तो जोडीला नऊशेच्या घरात जातो. इंजिन डिझेलमधल्या ऊर्जेचा साधारण ३५ टक्के भाग चाकांपर्यंत पोहोचवते असे मानले आणि एसी, अल्टरनेटर, गिअरबॉक्स यांचा खर्च मिळवला, तर १०० किमीला बारा-साडेबारा लिटर डिझेल लागते. म्हणजे ॲव्हरेज ८ च्या आसपास. त्याच गाडीचे कॅराव्हॅनशिवाय त्याच वेगाला तेरा-चौदा पडते.

वेग ८० वरून ६० वर आणला, तर हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतो, म्हणजे नऊशेचा पाचशेवर येतो. घर्षण तेवढेच राहते. ॲव्हरेज ८ वरून १० च्या थोडे वर जाते. हायलक्सच्या ८० लिटरच्या टाकीवर हा फरक पावणेदोनशे ते एकशे नव्वद किलोमीटरचा होतो. तेवढे अंतर ८ च्या ॲव्हरेजने तोडायचे तर तेवीस लिटरची जादा टाकी लागली असती. ही टाकी काहीही न बसवता मिळते. तिचे वजन नाही, तिला आरटीओची परवानगी नको, आणि ट्रेलर डोलण्याचा धोकाही तिने कमी होतो. जादा टाकीचा विचार करणाऱ्याने पहिला प्रयोग हाच करावा.

घाटाचा खर्च लोकांना वाटतो तितका मोठा नसतो. समुद्रसपाटीपासून लोणावळ्यापर्यंत किंवा कसाऱ्याच्या घाटाने इगतपुरीपर्यंत चढाई ढोबळमानाने सहाशे मीटरची आहे. चार टनांचे ओझे तेवढे उचलायला सुमारे २३ मेगाज्यूल ऊर्जा लागते, आणि इंजिनाची कार्यक्षमता धरून ती दोन लिटरपेक्षा कमी डिझेलमध्ये भागते. घाटात जाणवणारी अडचण इंधनाची नसते. ती इंजिन तापण्याची, क्लच जळण्याची आणि उतारावर ब्रेक तापण्याची असते. टाकीत आणखी शंभर लिटर भरले की या तिन्हींवर भार वाढतोच.

अंतराच्या बाजूनेही प्रश्न तपासावा लागतो. ८० लिटरच्या टाकीतले शेवटचे दहा लिटर हिशेबात धरू नयेत. उरलेल्या सत्तर लिटरवर ८ च्या ॲव्हरेजने ५६० किमी होतात. बोरिवलीहून गोवा साधारण सहाशे किलोमीटर. म्हणजे वाटेत कुठेतरी एकदा डिझेल भरावे लागते, आणि मुंबई-गोवा महामार्गावर पंपांची वाण नाही. महाबळेश्वर, नाशिक, भंडारदरा यांना तर जाऊन परत यायलाही एक टाकी पुरते. समृद्धी महामार्गाचा अनुभव थोडा वेगळा. मुंबई-नागपूर ७०१ किलोमीटरचा हा रस्ता ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर-शिर्डी या ५२० किलोमीटरच्या टप्प्याने खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरी-आमणे टप्प्याने पूर्ण झाला. सुरुवातीच्या काळात त्यावर पंप आणि विश्रांतीची ठिकाणे तुरळक होती. दोन्ही बाजूंनी कुंपण असलेल्या रस्त्यावरून मधेच उतरून गावात डिझेल शोधता येत नाही. इंटरचेंज गाठावाच लागतो. अशा रस्त्यावर चढण्याआधी टाकी फुल करणे हा साधा नियम पुरतो.

खऱ्या अर्थाने जादा इंधन लागते ते महाराष्ट्राबाहेर. मनाली-लेह मार्गावर केलाँगच्या अलीकडे तांदीचा पंप आहे आणि ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर’ ही त्याची पाटी कित्येक वर्षे प्रवाशांच्या फोटोंत झळकत आली. बारालाचा ला, तांगलांग ला अशा पाच हजार मीटरच्या आसपासच्या खिंडी, पहिल्या-दुसऱ्या गिअरमधले तास आणि खराब रस्ता यांमुळे तिथे ८ चे ॲव्हरेज ५ वर येऊ शकते. त्यापुढे नुब्रा, पँगाँग, हानले असे आडमार्ग घ्यायचे असतील तर पन्नास-साठ लिटर जादा डिझेल ही चैन राहत नाही. मात्र त्या रस्त्यांवर कॅराव्हॅन ओढत नेणे हाच वेगळा विचार करण्याचा विषय आहे. बहुतेक जाणकार ट्रेलर मनालीतच ठेवतात. कडाक्याच्या थंडीत साधे डिझेल गोठते, म्हणून इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारे हिवाळी डिझेल आणले. मुंबईत भरलेले शंभर लिटर साधे डिझेल त्या थंडीत जादा टाकीत नेणे म्हणजे संकट सोबत नेणे.

तरीही उपनगरांतल्या कॅराव्हॅनवाल्यांना मोठी टाकी हवीशी वाटते, याला एक व्यवहारी कारण आहे आणि ते अंतराचे नाही. गाडी आणि ट्रेलर मिळून लांबी अकरा-बारा मीटर होते. एस. व्ही. रोड किंवा लालबहादूर शास्त्री मार्गावरचे अनेक पंप चिंचोळे, कोपऱ्यावरचे, एका बाजूने आत जाऊन तीव्र वळण घेत बाहेर पडण्याचे. त्यांत रिक्षांची सीएनजीची रांग रस्त्यावर आलेली. ट्रेलरसह आत शिरलेली गाडी तिथे अडकते, आणि ट्रेलर मागे घेणे हे सवयीशिवाय जमणारे काम नाही. उपाय दोन. ट्रेलर जोडण्याआधी, आदल्या रात्री, रिकाम्या गाडीने जाऊन टाकी फुल करायची, आणि पुढचे इंधन महामार्गावर ट्रकसाठी बांधलेल्या प्रशस्त पंपावर घ्यायचे. अहमदाबादच्या दिशेने मनोर-चारोटी, नाशिकच्या दिशेने पडघा-शहापूर या पट्ट्यांत चाळीस फुटी कंटेनर सहज वळतात, तिथे कॅराव्हॅनला काहीच अडचण नाही.

एवढे होऊनही जादा क्षमता हवीच असेल तर ती वाढवण्याच्या पद्धती मोजक्याच आहेत. पहिली, मूळ टाकी काढून त्याच जागी मोठी टाकी बसवणे. ऑस्ट्रेलियात हा मार्ग रूढ आहे. तिथल्या लँडक्रूझर ७९ ला कंपनीकडूनच १३० लिटरची टाकी येते आणि इतर गाड्यांसाठी त्या-त्या मॉडेलच्या मापाच्या तयार टाक्या मिळतात. वजन दोन्ही आसांच्या मध्ये आणि खाली राहते, गेज आणि पंप मूळचेच वापरता येतात. तांत्रिकदृष्ट्या ही सर्वांत स्वच्छ पद्धत.

दुसरी पद्धत पिकअपच्या हौद्यात, केबिनच्या पाठीला लागून वेगळी टाकी ठेवण्याची. अमेरिकेत ती सर्रास दिसते. इथे खुबी जोडणीत असते. आजच्या कॉमन रेल डिझेल इंजिनात पंपाने खेचलेले सगळे डिझेल जळत नाही. बराचसा भाग गरम होऊन परत टाकीत येतो. इंजिनाला थेट जादा टाकीतून पुरवठा दिला आणि परतीची नळी मुख्य टाकीतच राहिली, तर एक टाकी रिकामी होत जाते आणि दुसरी भरून ओसंडते. म्हणून साधी आणि सुरक्षित रचना अशी की इंजिनाने मुख्य टाकीतूनच प्यायचे आणि जादा टाकीने फक्त मुख्य टाकी भरायची. मुख्य टाकीचा काटा अर्ध्यावर आला की डॅशबोर्डवरचे बटण दाबायचे, १२ व्होल्टचा पंप फिल्टरमधून डिझेल मुख्य टाकीकडे ढकलतो, काटा वर सरकतो, बटण बंद. बटण बंद करायचे विसरले तर डिझेल हवानळीतून रस्त्यावर येते, म्हणून टाकी भरताच पंप आपोआप थांबवणारा स्विच हवाच. जादा टाकी उंचावर ठेवून डिझेल नुसते उताराने वाहू देणे स्वस्त पडते, पण अपघातात नळी तुटली तर ते थांबत नाही. पेट्रोलसाठी ही रचना कधीच वापरू नये.

टाकी स्थानिक कारागिराकडून बनवून घेण्याचा मोह उपनगरांत सहज होतो. साकीनाक्याच्या गल्ल्यांत पत्र्याचे कोणतेही काम होते. चौकोनी डबा वेल्ड करणे सोपे आहे, टाकी करणे नाही. आत आडव्या भोकाच्या पट्ट्या नसतील तर अर्ध्या भरलेल्या टाकीतले डिझेल ब्रेक मारताना पुढे आणि वळणावर बाजूला आदळते. पन्नास किलोचा हा झोका ट्रेलरच्या डोलण्यात मिसळला की चालकाच्या हातात फारसे काही राहत नाही. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा डिझेलला चालत नाही. जस्त विरघळून इंजेक्टरमध्ये बसते, आणि बीएस-६ गाडीचे इंजेक्टर बदलण्याचा खर्च नव्या टाकीच्या कितीतरी पट असतो. ॲल्युमिनियम किंवा स्टेनलेस स्टीलची टाकी, उलटल्यास बंद होणारी हवानळी, सांगाड्याशी अर्थिंगची तार आणि वर थोडी रिकामी जागा या गोष्टी टाळता येत नाहीत. रिकामी जागा लागते कारण डिझेल तापले की फुगते. वीस अंशांच्या फरकाने शंभर लिटरचे पावणेदोन लिटर वाढते. पहाटे गार डिझेलने काठोकाठ भरलेली टाकी दुपारी उन्हात गळू लागते ती यामुळेच. भंगारातली जुनी टाकी आणून तिला वेल्डिंग करणे जिवावर बेतते. टाकी रिकामी दिसली तरी आतली वाफ पेट घेते.

तिसरी पद्धत कॅनची. वीस लिटरचा पत्र्याचा जेरीकॅन १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात जर्मन सैन्यासाठी बनला आणि त्याची रचना आजही बदलावीशी कुणाला वाटलेली नाही. लडाखला जाणारे दोन-तीन कॅन बाहेर, टपावर किंवा हौद्यात बांधतात. अधूनमधून लागणाऱ्या जादा इंधनासाठी हीच पद्धत सर्वांत शहाणपणाची. लागतील तेव्हा भरायचे, एरवी घरी रिकामे. कॅन केबिनमध्ये किंवा कॅराव्हॅनच्या आत, जिथे गॅसची शेगडी आणि झोपण्याची जागा असते, तिथे ठेवू नये. पंपावर कॅन भरताना तो जमिनीवर ठेवून भरावा, हौद्याच्या प्लास्टिकवर नाही, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडत नाही. अनेक पंप सुट्या भांड्यात पेट्रोल देतच नाहीत, आणि ते योग्यच आहे.

चौथी पद्धत उपनगरांच्या सर्वाधिक परिचयाची आहे, जरी तिच्याकडे जादा टाकी म्हणून कुणी पाहत नाही. महानगर गॅस ही कंपनी १९९५ मध्ये स्थापन झाली. १९९९ मध्ये नेमलेल्या व्ही. एम. लाल समितीच्या शिफारशी आणि मुंबई उच्च न्यायालयाचे आदेश यांमुळे टॅक्सी-रिक्षा सीएनजीवर गेल्या, आणि पाठोपाठ हजारो खासगी पेट्रोल गाड्यांच्या डिकीत सिलिंडर आला. अशी प्रत्येक गाडी दोन इंधने आणि दोन टाक्या घेऊन फिरते. पण ओढकामासाठी हा मार्ग निकामी आहे. ६० लिटर मापाच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने नऊ किलोच्या आसपास वायू मावतो, म्हणजे सुमारे तेरा लिटर पेट्रोलइतकी ऊर्जा, आणि त्यासाठी साठ किलोच्या घरातले पोलाद वाहावे लागते. तेवढेच पेट्रोल दहा किलोंत येते. शिवाय दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट. इकडे कॅराव्हॅन ओढू शकणाऱ्या पिकअप बहुतेक डिझेलच्या असतात, त्यांना हा पर्याय मुळातच नाही.

या सर्व पद्धतींना एकच मर्यादा आवळते, आणि ती वजनाची आहे. डिझेलचे वजन लिटरला सुमारे ८३० ग्रॅम. ८० लिटरच्या जादा टाकीत ६६ किलो डिझेल, टाकी आणि तिची चौकट पंचवीस-तीस किलो, एकूण शंभराला टेकते. कॅराव्हॅनचा हुकावर येणारा भार तिच्या वजनाच्या साधारण सात ते दहा टक्के, म्हणजे आणखी शंभर ते दीडशे. चार माणसे २८० किलो. पाचशे किलो इथेच झाले, सामानाचे अजून नावही नाही. खासगी नोंदणीच्या पिकअपची कागदावरची भारक्षमता हौद्याच्या आकारावरून वाटते त्यापेक्षा पुष्कळ कमी असू शकते. टाकी घेण्याआधी आरसी बुकातले एकूण वजन पाहावे आणि सामान भरलेली गाडी एकदा वजनकाट्यावर घालावी. टाकी मागच्या चाकांच्याही मागे बसवली तर ती आणि हुकाचा भार मिळून पुढची चाके हलकी करतात, स्टिअरिंग सैल वाटू लागते. केबिनला चिकटून असलेली टाकी त्या मानाने बरी.

धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाची टाकी असलेल्या बीएस-६ गाड्यांत आणखी एक अट येते. डिझेलच्या साधारण तीन ते सहा टक्के युरिया खर्च होतो आणि ओढकामात तो वरच्या टोकाला जातो. डिझेल दुप्पट नेले आणि युरिया संपला, तर दोन भरल्या टाक्यांसह गाडी थांबते.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगता येते, पण ती टाळता येत नाही. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलांपासून गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात हे स्पष्ट केले. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ खाली अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून कोणतीही टाकी कायमची बसवण्याआधी गाडी जिथे नोंदलेली असेल त्या आरटीओत, म्हणजे अंधेरीच्या एमएच-०२, बोरिवलीच्या एमएच-४७ किंवा मुलुंड-घाटकोपरसाठी वडाळ्याच्या एमएच-०३ कार्यालयात, लेखी विचारणा करावी. परवानगीविना बसवलेल्या टाकीचा खरा फटका अपघातानंतर बसतो. विमा कंपनीला दावा नाकारायला ते कारण पुरते. सुट्या इंधनाला पेट्रोलियम अधिनियम १९३४ लागू होतो. विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंत पेट्रोल, प्रत्येकी २५ लिटरपेक्षा मोठे नसलेल्या बंद धातूच्या भांड्यांत, परवान्याशिवाय ठेवता येते. डिझेलच्या मर्यादा बऱ्याच सैल आहेत. या कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपुरात आहे.

मालवाहू ट्रकांची डबल टाकी हा वेगळा विषय असला तरी त्याच्याकडे पाहिल्याशिवाय आढावा पुरा होत नाही, कारण राज्यात जादा टाकीचा सर्वाधिक वापर तिथेच होतो. लांब पल्ल्याच्या ट्रॅक्टर-ट्रेलरला कंपनीकडूनच साडेतीनशे-चारशे लिटरची टाकी किंवा दोन टाक्या येतात. त्यामागे अंतर असतेच, पण दरातली तफावतही असते. मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईत डिझेलवरचा व्हॅट २४ टक्के होता, उरलेल्या राज्यात २१. जुलै २०२४ पासून तो सगळीकडे २१ झाला. दमणमधले दर तरीही कमी राहिले, आणि दहिसरहून उत्तरेला जाणारा ट्रक परतताना सीमेपलीकडे टाक्या भरून येतो. चारशे लिटरवर लिटरमागे दोन-तीन रुपयांचा फरक वाहतूकदाराला पुरतो. कॅराव्हॅनवाल्याच्या साठ लिटरवर तो एकशेवीस ते एकशेऐंशी रुपयांचा होतो, त्यासाठी टाकी बसवणे परवडत नाही. ट्रकवाल्यांकडून घेण्यासारखी गोष्ट दुसरी आहे. त्यांच्या टाकीच्या झाकणाला कुलूप असते आणि गळ्यात नळी आत जाऊ न देणारी जाळी. रात्री तळावर उभ्या गाडीतून डिझेल चोरीला जाते, आणि हौद्यातली उघडी टाकी तर चोराला वाकायलाही लावत नाही.

राहिली देखभाल, जी मुंबईत इतर ठिकाणांपेक्षा जास्त लागते. कॅराव्हॅन जून ते सप्टेंबर बहुधा उभीच असते. अर्धी रिकामी टाकी दमट, खाऱ्या हवेत चार महिने राहिली की आतल्या हवेतली वाफ पत्र्यावर गारठून पाणी तळाशी साचते, गंज धरतो आणि डिझेल-पाण्याच्या सीमेवर काळी बुरशी वाढते. तीच पुढे फिल्टर तुंबवते. म्हणून जादा टाकी पावसाळ्याआधी पूर्ण उपसून कोरडी करावी किंवा पूर्ण भरून ठेवावी, आणि तळाला पाणी काढायचा नळ असावा. पेट्रोल गाडीत ती भरून ठेवण्याचा पर्याय नाही. आता मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये हवेतले पाणी शोषले जाते आणि महिनोन्‌महिने साठवलेले पेट्रोल बिघडते. हवानळीचे तोंड उंचावर हवे. सांताक्रूझला २६ जुलै २००५ रोजी ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा बुडालेल्या गाड्यांच्या टाक्यांत पाणी शिरले होते. सखल भागातल्या आवारात तो धोका दर पावसाळ्यात असतो. ऑक्टोबरमध्ये गाडी पुन्हा काढताना जादा टाकीतले पहिले दोन-तीन लिटर पारदर्शक बाटलीत घेऊन स्थिर होऊ द्यावेत. तळाशी पाण्याचा थर किंवा गढूळपणा दिसला, तर टाकी धुऊन, फिल्टर बदलून आणि पंपातली हवा काढूनच ती मुख्य टाकीला जोडावी.